गालावरची जांभळी चौकट

रविवारी पुण्यातलं शेकाचं मशीन बंद आसतं, म्हणून आबा घरी हुतं. आन् आबा घरी हाईत म्हणल्यावर बानूआत्या जळोचीची पैली यष्टी धरून सणसरला आली. वस्तीवर पोचल्यावर पाणी बी घेतलं न्हाय तिनं. पिशवी आबांच्या सुनंच्या, रोहिणीच्या हातात कोंबली आन् थेट लिंबाखाली गेली. आबा तितं खुर्चीवर बसलं हुतं. डोक्याला टावेल, तोंड उसाकडं.

"सिद्ध्या, इकडं बग की. तोंड लपवाय मी काय पावणी हाय व्हय?"

आबांनी मान वळवली, आन् आत्याचं पाय जागच्या जागी थांबलं.

दिवाळीत बघितलं तवा डावा गाल टम्म फुगलेला, डोळा वर सरकलेला, नाकपुडी बंद. आता सूज बरीच उतरली हुती, पर गालाचं कातडं चुलीत भाजल्यागत काळं पडलं हुतं. मिशी विरळ झाली हुती. पर आत्याची नजर त्याच्यावर न्हवतीच. नाकापासनं कानाकडं आन् डोळ्याखालनं हनवटीकडं जांभळ्या रेघा वढल्या हुत्या. नीट चौकट. मधी एक फुली.

"ह्यो रंग कसला?"

"शेकाची खूण हाय, आक्का. मशीनवालं काढत्यात. तेवढ्यातच शेक द्यायचा आसतो."

"आन् लावतंय कोन?"

"डागदर."

आत्यानं पुन्हा त्या चौकटीकडं बघितलं. उभा जलम मेंढरामागं गेलेली बाई ती. रंगाचं बोट म्हंजे काय हे तिला कुणी शिकवाय नको. बाजारचा व्यापारी मेंढरांच्या वाड्यावर यायचा, एकेका मेंढराच्या पाठीवर हात दाबायचा, पसंत पडलं की पाठीवर रंग वढायचा. रंग लागला की ते मेंढरू आपलं न्हाय. ते आजून तुमच्यात चरतंय, तुमच्याच हातनं पाला खातंय, पर गेलेलं हाय. आन् हितं तिच्या पाठच्या भावाच्या तोंडावर तसाच रंग.

तिनं कमरंची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा घेतला, रोहिणीकडनं वाटीत खोबरेल मागून घेतलं, आन् पदराचं टोक बुडवलं.

"पुसू नको म्हणलंया," आबा म्हणलं.

"गप बस."

"पाणी बी लावू नको म्हणलंया, आक्का."

"मग सरक की बाजूला. कोन धरलंय तुला?"

आबा सरकलं न्हाईत. डोळं मिटून घेतलं. आत्याचा हात मऊ, लई दिसांनी कुणीतरी गालाला हात लावत हुतं. रोहिणी उंबऱ्यात उभी राहून बघत हुती. हाक मारावी आसं तिला वाटलं, पर मारली न्हाय. का न्हाय मारली हे तिलाच कळंना.

सुकन्या आली तवा ऊन चढलं हुतं. ती बारामतीत शाळंवर मास्तरीण. आबांची लेक आन् ह्या दुखण्यातली पुढारी. दाढ दुखती म्हणून दाढ उपटली आन् तो खड्डा काय केल्या बुजंना, तवा "हे दाढंचं न्हाय" म्हणून आबांना पुण्याला नेलं ते तिनंच. तितल्या डागदरानं फोटो बघून सांगितलं, नाकाशेजारच्या पोकळीत कॅन्सर हाय, डोळ्याच्या तळापतुर गेलाय, कापून निघत न्हाय. आदी सलाईनमधनं औषध, मग मशीनच्या किरणांचा शेक. ती सलाईनं झाली, ओकाऱ्या झाल्या, शेक निम्म्यावर आला. आज दुपारच्या गाडीनं भिगवणवरनं आबांना परत न्यायचं म्हणून ती आली हुती.

"आबा, पिशवी भरली का?" म्हणत ती लिंबाखाली आली, आन् थांबली. गाल तेलानं चमकत हुता. वर पिवळा भंडारा. रेघ एक न्हाय.

"हे कुणी केलं?"

"म्यां," आत्या म्हणली. "का गं? माझ्या भावाला तेल लावाय तुझी परवानगी पायजे व्हय?"

"आत्या, अगं त्या खुणा हुत्या! त्या चौकटीच्या भाईर किरणं गेली तर दुसरा डोळा हाय, मेंदू हाय. आता पुन्हा फोटो, पुन्हा मापं. मधी खाडा पडला तर आतली गाठ पुन्हा वाढती. आन् तेल लावलंस? आदीच भाजलेल्या कातड्याला?"

"भाजलंय कुणी ते सांग आदी."

"वैनी, तू हितंच हुतीस ना?"

रोहिणी पेजेची वाटी घेऊन आली हुती. नणंदंचा तो सूर तिला पयल्यापास्नं सोसत न्हवता. सुकन्यानं सांगायचं आन् रोहिणीनं करायचं, आसंच चाललं हुतं हिवाळ्यापास्नं. मीठ नको, तिखट नको, गरम नको, ह्ये कालव, ते गाळ.

"व्हते की," ती म्हणली. "आत्याबाईंचं काय चुकलं? ताई, तुमी आईतवारी येता. रोजचं तुमाला दिसतंय व्हय? काल दुधात भाकरी कुस्करून दिली तर तोंडात फोड आलेत म्हणून घास गिळंना. डोळ्यातनं पाणी काढलं आबांनी. एवढा माणूस भाकरीसाठी रडला. मग काय करायचं?"

"म्हणून सोडून द्यायचं?"

"म्यां तसं म्हणलं न्हाय."

"मग काय म्हणलीस?"

तेवढ्यात रोहिणीचा नवरा नागेश बांधावरनं आला, पायाला चिखल, खांद्यावर खोरं. सुकन्याला हायसं वाटलं. दादा आपल्याकडनं बोलणार. पुण्याला आबांसंगं हाच ऱ्हायला हुता, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकून. नागेशनं गालाकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आन् खोरं झाडाला टेकवलं.

"पुसलं का," तो म्हणला. "बरं झालं."

"दादा!"

"काय दादा दादा? तू तितं दारातनं परत फिरतीस. मी बघितलंय. त्या टेबलावर एकलं झोपवत्यात त्येंला, आन् सगळी भाईर येत्यात. दार लावत्यात, जाडजूड. नर्सबाई बी थांबत न्हाय आत. आपल्या बापाला आसं आत टाकून सगळ्यांनी पळायचं, आसलं कसलं आवशीद गं? ऱ्हाऊ दे. घरी ऱ्हातील. पाच माणसांत ऱ्हातील."

सुकन्या एकली पडली. ती खाली बसली, लिंबाच्या मुळावर, शाळंच्या साडीची पर्वा न करता. आबांनी तिच्याकडं बघितलं. लेकीचा चेहरा बारीक झाला की आबांना करमायचं न्हाय, पर आज त्येंनी तोंड पुन्हा उसाकडं वळवलं.

मग आत्याच बोलाय लागली, तंटा मिटवायचा म्हणून का आपली बाजू भक्कम करायची म्हणून, देव जाणे.

"तुमाला भुऱ्या सांगितलाय का कदी? न्हाय? आगं आमी लहान. भिगवणच्या अलीकडं, नदीच्या काठाला आमचा वाडा बसलेला. आता तितं सगळं उजनीचं पाणी हाय, बोटी फिरत्यात, पर तवा काय गवत! कमरंइतकं. दिवाळीच्या आदीची गोष्ट. कोकणात उतरायच्या आदी आमचा बा थोडी मेंढरं विकायचा. व्यापारी आला आन् त्यानं भुऱ्याच्या पाठीवर रंग वढला. भुऱ्या म्हंजे ह्याचा एडका, ह्यानं दूध पाजून वाढवलेला. आय मेली हुती त्याची. हे पोरगं जेवंना, बोलंना. मेंढरं कोंडायच्या वाघुरीजवळ जाऊन बसलं, जाळीतनं बोटं घालून."

"मी न्हवतो रडलो," आबा म्हणलं. बंद नाकातनं आवाज घोगरा यायचा आता, पर हसू आलं हुतं.

"शेंबूड इथपतुर आल्ता तुझा! मग काय, गडी च्या प्यायला बसलं तवा मी तेल आन् राख घेतली आन् घासघासून रंग काढला. व्यापारी आला तर त्याला गावंनाच. मेंढरात मेंढरू, वळखायचं कसं? बानं मला बघितलं हुतं, पर बोलला न्हाय. गुमान दुसरं दिलं. भुऱ्या पुढं घाटात सगळ्यांच्या म्होरं चालायचा. ताम्हिणीच्या उतरणीला पाऊल टाकाय मेंढरं भ्यायची, ह्यो एकला पुढं. त्याच्या मागं सगळा कळप."

"शिंग वाकडं हुतं त्याचं," आबा म्हणलं. "उजवं."

"डावं."

"उजवं गं. मी धरून चालायचो त्याला, मला म्हाईत न्हाय व्हय?"

सगळी हसली. नागेश हसला, रोहिणी हसली. सुकन्या बी, नको नको म्हणताना. लिंबाखाली घटकाभर दुखणं न्हवतंच. कोकणातल्या भातखाचरात मेंढरं बसवल्याचं निघालं, तितल्या लोकांनी पदरात घातलेला तांदूळ निघाला, सुकन्याची आय, सात सालांमागं गेलेली, ती घोड्यावर बिऱ्हाड लादून पोराला झोळीत टाकून चालायची ते निघालं. ते पोरगं म्हंजे नागेश. पुढं पाणी आलं, रानं बागायत झाली, कारखान्याचं शेअर घेतलं, मेंढरं गेली. हे बोलताना आबांचं तोंड मोकळं झालं. रोहिणीनं पुढं केलेली पेज त्येंनी दोन घोट घेतली.

"मग ठरलं," नागेश म्हणला. "आबा कुटं जात न्हाईत."

आन् का कुणास ठाऊक, ते ठरलं म्हणल्यावर रोहिणीला उरलेली पेज पुढं करवंना. इतका येळ नुसतं बोलणं हुतं. आता ठरलं हुतं. तिनं वाटी खाली ठेवली.

"एक सांगू का," ती म्हणली. "दिवाळीच्या आदी मी रोज सकाळी कालव्यावर जायची, उजाडायच्या आत. धुणं म्हणून. आबांच्या उशाची फडकी आसायची. रगतानं भरलेली. नाकातनं यायचं. आबा म्हणलं हुतं, नाग्याला सांगू नको. म्यां सांगितलं न्हाय."

नागेश बघतच ऱ्हायला.

"सलाईनं झाली, शेक सुरू झाला, तवापास्नं फडकं भरलं न्हाय. झोपत बी सरळ हुतं, पयलं बसून झोपायचं. घास गिळत न्हाय हे खरं. पर मला ती फडकी पुन्हा धुवायची न्हाईत. आत्याबाई, रागावू नका. मघाशी म्यां तुमची बाजू घेतली ती ताईंवर राग हुता म्हणून."

सुकन्यानं वैनीकडं बघितलं. हिवाळ्यापास्नं पयल्यांदा नीट बघितलं.

"आबा," नागेश म्हणला, "खरं हाय हे?"

आबांनी टावेल सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणलं, "माझं बी ऐका. मला मरायचं भ्या न्हाय आसं म्हणत न्हाय. पर ते न्हाय कारण. डागदर म्हणला, शेक पुरा झाला तर ह्यो डोळा जायचा. डावा. आज न्हाय, पर वर्सा दोन वर्सांत. वाचवायचा म्हणलं तर गाठीचा कोपरा ऱ्हातो तितं. मी उभा जलम नजरंवर काढलाय. लांबनं मेंढरू वळखायचो. नाक तर गेलंच. आता डोळा. आक्का पुसाय लागली तवा म्हणलं पुसू दे. तिनं पुसलं म्हंजे मी न्हाय म्हणलो आसं तरी हुणार न्हाय."

"तुला म्हाईत हुतं?" नागेश सुकन्याकडं वळला. "डोळ्याचं?"

"हुतं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू आबांना घेऊन घरी आला आसतास."

ते खरंच हुतं. नागेश लिंबाला पाठ लावून उकिडवा बसला. हाताला लागंल ती काटकी मोडत ऱ्हायला. मग बोलला, बापाकडं न बघता.

"आबा, तुमी डाग द्यायचा तवा मेंढराचं डोकं मी धरायचो."

"व्हय. लई चांगलं धरायचास."

"मेंढरू दुखणाईत आसलं की तुमी सळई तापवायचा. पर आदी कोळशानं रेघ काढायचा. डोळ्याजवळ आसलं तर दोनदा काढायचा. एकदा मेंढीनं झटका दिला आन् कोळसा पुसला, तर तापलेली सळई तुमी पुन्हा विस्तवात ठेवली. रेघ पयली, मग डाग. मला मारलं बी हुतं, नीट धरलं न्हाय म्हणून."

"आसंल."

"ती काणी मेंढी आठवती? तिचा डोळा गेला त्या डागानं."

आबांनी मान हलवली.

"किती कोकरं झाली तिला पुढं?"

"लई," आबा म्हणलं. "पर नाग्या, डाग देऊन बी मेली की कितीतरी. ती न्हाय मोजत तू."

"मेली. मी न्हाय म्हणत न्हाय. पर तुमी अर्ध्यात सोडलेलं एक दावा मला."

आबांनी बहिणीकडं बघितलं. बारक्या पोरानं थोरल्या बहिणीकडं बघावं तसं.

"आक्का, तू सांग."

बानूआत्या आपल्या पदराचं टोक बघत हुती. जांभळं झालं हुतं ते, वर हळद. इतकी वर्सं ती भुऱ्याची गोष्ट सांगत आल्ती, लग्नात, बारशात, कुटं बी. पर आज सांगून झाल्यावर त्यातलं कायतरी तिला टोचाय लागलं हुतं आन् काय ते घावत न्हवतं. आता घावलं.

"सिद्ध्या," ती म्हणली, "भुऱ्या धडधाकट हुता रं."

"व्हय मग?"

"व्यापारी पाठ दाबून बघतो. मांस बघतो. दुखणाईत मेंढराला कोन रंग लावतंय? फुकट दिलं तर नेत न्हाईत. आन् म्यां येडी, तुझ्या ह्या गालावर व्यापाऱ्याचा रंग बघितला." तिनं पदर मुठीत चोळला. "तुला इकत घेणारा कोन बसलाय? तो डागदर तुला बरं करावं म्हणून रेघा वढतोय, आन् म्यां बया त्यावर राख चोळली."

"राख न्हवती, तेल हुतं."

"गप बस. ऊठ. गाडी किती वाजता हाय गं सुके?"

"डोळ्याचं काय?" आबा म्हणलं.

उसातनं वारं आलं, पाटाचं पाणी सऱ्यांतनं वाजत हुतं. आबांनी बराच येळ उजवा डोळा हातानं झाकून डाव्यानं बघितलं. ऊस, लिंब, नागेश, दोन्ही लेकी. रोहिणीला ते लेकच म्हणायचं. मग हात काढला.

"धोतर दे रोहिणी," ते म्हणलं. "ते मळकं नको. पुण्यात लोकं बघत्यात."

भिगवणला गाडी उशिरानं आली. रुळाच्या पल्याड उजनीचं पाणी चमकत हुतं आन् कोळ्यांच्या होड्या काठाला लागत हुत्या. भाऊ-बहीण फलाटावर बसून वाडा नेमका कुटं हुता त्यावर भांडली. आबा म्हणलं त्या बाभळीच्या सरळ रेघंत, आत्या म्हणली बाभळ तवा न्हवतीच. नागेश टपरीवरनं च्या घेऊन आला. आबांचा गार करून, फुंकून दिला. सुकन्या दोघांच्या मधी न बसता लांब बसली, आन् तिला लई दिसांनी झोप आली, बसल्या बसल्या.

सोमवारी डागदरानं गाल बघितला आन् चष्मा काढला.

"सिद्धूआबा, हे काय? मी काय सांगितलं होतं?"

"घामानं गेलं," आबा म्हणलं.

"घामाला खोबरेलाचा वास येतो का?"

"मला वास येत न्हाय, डागदरसायब. तुमीच सांगा."

डागदराला हसू आवरंना, पर त्यो पुन्हा गंभीर झाला. "हे हसण्यावारी न्यायचं नाही. पुन्हा एक्सरे, पुन्हा मापं. आजचा दिवस वाया जाणार, कातडीही चिघळलीय. आधीच मी कसली खात्री देत नाही तुम्हाला. कोणी पुसलं?"

नागेश बोलणार हुता, सुकन्या बी. आत्यानं दोघांना कोपरानं मागं सारलं.

"म्यां पुसलं. थोरली बहीण त्याची. चुकलं माझं. आता काढा, आन् ठसठशीत काढा. कुनी हात लावला तर तुमाला सांगायची गरज न्हाय, मी हाय."

एक्सरे झालं, मापं झाली. दुपार कलली तवा डागदर जांभळ्या शाईची कांडी घेऊन आबांच्या म्होरं स्टुलावर बसला. आबांनी मान ताठ केली, डोळं उघडंच ठेवलं. आत्या मागं उभी हुती. तिनं पुढं होऊन दोन्ही हातांनी भावाचं डोकं धरलं, कानाच्या वरनं, घट्ट.

"सोडा आजी," डागदर म्हणला. "आबा अजिबात हलत नाहीत."

"त्यो कशाला हलंल," आत्या म्हणली. "माझंच हात हलत्यात, म्हणून धरलंया. काढा तुमी."